बातमी आठवते, ‘का’ आठवत नाही

वणी खुर्द हे गाव आठवते का? चंद्रपूर जिल्ह्याच्या टोकाला, तेलंगणाच्या सीमेवर जिवती तालुका आहे. तिथल्या या गावात ऑगस्ट 2021 मध्ये भानामती केल्याच्या संशयावरून दलित कुटुंबांतील सात जणांना भर चौकात खांबाला बांधून मारहाण झाली. त्यात बाया होत्या, म्हातारी माणसे होती. बांधलेल्या माणसांची दृश्ये वाहिन्यांवर फिरली, मोबाईलवर फिरली, आणि मग दुसरी बातमी आली.

आज कोणत्याही अभ्यास शिबिरात विचारून पाहा. ज्यांना आठवते त्यांना दोरी आठवते, खांब आठवतो, ‘जादूटोणा’ हा शब्द हमखास आठवतो. बांधणारे कोण होते, बांधले गेलेले कोण होते, गावात दोघांची जागा काय होती, कोणत्या कलमाखाली गुन्हा लागला, खटला कुठवर आला, हे विचारले की शांतता. बांधले गेलेले आपलेच लोक होते, हेही पुष्कळदा आपल्याच पोरांना सांगावे लागते. त्यांच्या डोक्यात ती ‘अंधश्रद्धेची बातमी’ म्हणून जमा झालेली असते.

आपले ज्येष्ठ म्हणतात, आजच्या पोरांना काही लक्षातच राहत नाही, मोबाईलने डोके खाल्ले. मला हे पटत नाही. याच पोरांना दोरीचा रंग सांगता येतो. स्मरणशक्ती शाबूत आहे. तिच्यात काय भरायचे आणि काय गाळायचे हे दुसरेच कुणी ठरवते आहे.

मीडिया खोटे बोलतो, मनुवादी आहे, विकला गेला आहे, हा आपला नेहमीचा आरोप. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. खोटे पकडता येते, त्याचे खंडन करता येते. खरी बातमीच अशा रीतीने मांडली की तिच्यातले ‘काय’ आणि ‘कुठे’ मनात रुतते आणि ‘का’ गळून पडतो, तर खंडन कशाचे करणार? आणि शोषितांचा सगळा दावा त्या ‘का’मध्येच असतो. सवर्ण वस्तीत चोरी झाली तर ‘काय झाले’ एवढे सांगून भागते. आपल्यावरचा हल्ला ‘का’ काढून सांगितला की ती नुसती मारामारी उरते.

हा माझ्या मनाचा तर्क नाही. 1970 च्या दशकात स्वीडनच्या सार्वजनिक नभोवाणीतील ओले फिंडाल आणि बिर्गिट्टा होयर या संशोधकांनी मुद्दाम तयार केलेल्या बातम्या प्रेक्षकांना दाखवून त्यांना काय आठवते ते तपासले. घटनेचे ठिकाण आणि माणसे त्या मानाने लक्षात राहत होती, कारणे आणि परिणाम सर्वांत आधी निसटत होते. पण बातमीत कारण आणि परिणाम पुन्हा, नीट, वेगळ्या शब्दांत सांगितले की आठवण एकूणच सुधारत होती. म्हणजे ‘का’ हा बातमीवरचा बोजा नाही. तो बाकीचे तपशील बांधून ठेवणारी दोरी आहे.

त्याच काळात, 1976 मध्ये, अमेरिकेत रसेल न्यूमन यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. संध्याकाळच्या बातम्या पाहिलेल्या लोकांना त्याच रात्री फोन करून विचारले, आज काय पाहिले? बातमीपत्रात वीसच्या आसपास बातम्या होत्या. मदतीशिवाय लोकांना सरासरी एकीपेक्षा जरा जास्त बातमी सांगता आली. तेव्हा पडद्यावर एक निवेदक असे आणि खाली पट्टी नसे. आजच्या मराठी वाहिनीचा पडदा डोळ्यांसमोर आणा. खाली एक पट्टी सरकते, तिच्यावर दुसरी, कोपऱ्यात घड्याळ, दुसऱ्या कोपऱ्यात जाहिरात, मध्ये चार चौकटींत भांडणारी चार माणसे आणि सगळ्यांवर लाल ‘ब्रेकिंग’. कॅन्सस स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी 2005 मध्ये दाखवून दिले की पट्ट्या आणि चौकटी काढून तीच बातमी दाखवली तर प्रेक्षकांना सुमारे दहा टक्के जास्त तथ्ये आठवतात. बघणाऱ्याला वाटते आपल्याला चार गोष्टी एकदम कळल्या. प्रत्यक्षात हाताशी कमीच लागते.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो 1992 चा जॉन न्यूहेगन आणि बायरन रीव्ह्ज यांचा प्रयोग. बातमीत अंगावर येणारे भीषण दृश्य आले की त्या दृश्याच्या आधी सांगितलेली माहिती पुसट होते आणि नंतर सांगितलेली माहिती जास्त पक्की बसते, असे त्यांना आढळले. मेंदू दचकतो, हातातले टाकून देतो आणि पुढे येईल ते घट्ट धरतो.

आता आपल्याकडची बातमी कशी रचलेली असते ते पाहा. पार्श्वभूमी सांगायचीच असेल तर निवेदिका ती सुरुवातीला दोन वाक्यांत उरकते. जमिनीचा वाद होता, आधी तक्रार दिली होती, पोलिसांनी घेतली नव्हती, वगैरे. मग दृश्य येते: रक्त, आरडाओरड, जळणारी झोपडी. आणि दृश्यानंतर कोण बोलतो? पोलीस अधीक्षक बोलतात, पालकमंत्री बोलतात. “परिस्थिती नियंत्रणात आहे, तपास सुरू आहे, अफवांवर विश्वास ठेवू नये.” ज्या क्षणी प्रेक्षकाचे मन सर्वांत जास्त पकडते, तो क्षण सत्तेच्या वाट्याला जातो. पीडितांची बाजू दृश्याच्या आधी गेलेली असते, म्हणजे पुसली जाणाऱ्या भागात. यासाठी कुणी कट केला असे मी म्हणत नाही. न्यूजरूममध्ये कुणाची जात कोणती आणि कुणाचा फोन आधी उचलला जातो, एवढ्यानेही हा क्रम आपोआप तयार होतो.

याच्या जोडीला शब्द. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा 1974 चा प्रयोग मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना माहीत असतो. मोटारींच्या अपघाताची एकच फीत सगळ्यांना दाखवली. काहींना विचारले, गाड्या एकमेकींना ‘लागल्या’ तेव्हा वेग किती होता? काहींना विचारले, ‘आदळून चुराडा झाल्या’ तेव्हा किती होता? आठवड्यानंतर दोन्ही गटांना विचारले, फुटलेल्या काचा पाहिल्या का? फितीत काचा नव्हत्याच. तरी ‘लागल्या’वाल्यांपैकी 14 टक्क्यांनी आणि ‘चुराडा’वाल्यांपैकी 32 टक्क्यांनी काचा पाहिल्याचे सांगितले. एका क्रियापदाने न पाहिलेली काच डोळ्यांत घातली.

गडचिरोलीच्या बातम्यांत असे एक क्रियापद ठरलेले आहे: ‘कंठस्नान घातले’. हा पोवाड्यातला, लढाईतला शब्द. तो एकदा कानावर पडला की मेलेला माणूस शत्रू ठरलेला असतो आणि पुढचा प्रश्न संपलेला असतो. खरे तर पुढचा प्रश्न कायद्याने विचारायचा आहे. पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सप्टेंबर 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पोलीस चकमकीतील प्रत्येक मृत्यूचा स्वतंत्र तपास आणि दंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशी झालीच पाहिजे. ‘कंठस्नान’ म्हणणाऱ्या बातमीत ही चौकशी कुठे बसवणार?

एप्रिल 2018 आठवा. 22 एप्रिलला बोरिया-कसनासूर परिसरात इंद्रावतीच्या काठी मोठी चकमक झाली. पुढच्या दोन-तीन दिवसांत मृतांचा आकडा चाळीसपर्यंत गेला. त्यानंतर सर्वांत जास्त फिरले ते जवानांच्या नाचाचे चित्रण. आणि गट्टेपल्ली? तिथले आईबाप सांगत होते की आमची पोरं लग्नाला म्हणून घरून निघाली होती. ते खरे की पोलिसांचे म्हणणे खरे, याचा निकाल मी इथे बसून देत नाही. पण प्रश्न विचारला गेला होता, आणि तो ऐकलेला माणूस आज शंभरात एखादा सापडेल. नाच मात्र बहुतेकांनी पाहिला आहे.

इथे कुणी गैरसमज करून घेऊ नये. बंदुकीचा रस्ता आपला नाही. 25 नोव्हेंबर 1949 च्या संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनी तो रस्ता बंद करून टाकला आहे. 1 मे 2019 ला जांभुळखेड्याच्या स्फोटात जे 15 पोलीस आणि त्यांचा चालक गेले, तीही गरिबांचीच लेकरे होती. माझा मुद्दा असा की ज्या जिल्ह्याबद्दल देशाला फक्त स्फोट आणि चकमक आठवते, त्या जिल्ह्यातल्या संविधानाने लढणाऱ्या माणसाला कुणाच्याच आठवणीत जागा मिळत नाही.

तो माणूस आहे. लेखा-मेंढा या गडचिरोलीतल्या गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, देशातल्या पहिल्या गावांपैकी एक म्हणून. 2011 मध्ये त्या ग्रामसभेने स्वतःचा बांबू स्वतः विकण्याचा अधिकार प्रत्यक्षात आणला. बंदूक न उचलता, कायद्याचे पुस्तक वाचून. मार्च 2023 मध्ये एटापल्ली तालुक्यातल्या तोडगट्ट्याला आसपासच्या ग्रामसभा खाणींच्या विरोधात ठिय्या देऊन बसल्या. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, नोव्हेंबरमध्ये पोलिसांनी आंदोलन मोडले. आठ महिने माणसे झोपड्या बांधून बसली होती. स्वतःला विचारा, तोडगट्ट्याचे एक तरी दृश्य टीव्हीवर पाहिलेले आठवते का? ऑक्टोबर 2022 मध्ये सुरजागडची खाण वर्षाला 30 लाख टनांवरून 1 कोटी टनांवर नेण्यासाठीची जनसुनावणी खाणीपासून शंभरावर किलोमीटर दूर, गडचिरोलीच्या जिल्हाधिकारी कार्यालयात झाली. त्यात जळणारे काही नव्हते. डिसेंबर 2016 मध्ये नक्षलवाद्यांनी सुरजागडला लोहखनिजाच्या गाड्या जाळल्या, ते मात्र देशभर दिसले. सुरजागड म्हटले की आग आठवते. ठिय्या, अर्ज, ठराव, सुनावणी ही सगळी ‘न जळणारी’ कामे, आणि संविधानाने आपल्याला दिलेली हत्यारे तीच आहेत.

वाघाच्या बातम्यांचेही तेच. मे 2025 मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. प्रत्येक हल्ल्याची बातमी सुटी येते: वाघाचे जुने चित्रण, लाल वर्तुळ, ‘नरभक्षक’ हा शब्द, छातीत धडकी भरवणारे संगीत. शांतो अय्यंगार यांनी 1991 च्या ‘इज एनीवन रिस्पॉन्सिबल?’ या पुस्तकात हेच सप्रयोग मांडले आहे. गरिबीची बातमी एका माणसाची कहाणी म्हणून दाखवली की प्रेक्षक त्या माणसालाच जबाबदार धरतो. तीच बातमी धोरण, रोजगार, आकडे यांच्या चौकटीत दाखवली की तो सरकारला जबाबदार धरतो. म्हणून सिंदेवाहीची बातमी पाहून शहरातला माणूस विचारतो, “या बाया जंगलात गेल्याच कशाला?” कशाला? मे महिन्यात शेतात काम नसते आणि पानांच्या पुड्यावर रोख पैसे मिळतात म्हणून. ब्रह्मपुरी भागातले कितीतरी वाघ अभयारण्याच्या बाहेर, गावाला लागून राहतात, आणि मोहा, तेंदू वेचणारी कुटुंबे बहुतेक भूमिहीन किंवा अल्पभूधारक असतात. त्यांच्या जाती मोजून पाहा. ही बातमी रोजगाराची आहे, जमिनीची आहे, वनविभागाच्या जबाबदारीची आहे. लाल वर्तुळात ती मावत नाही.

खैरलांजीने आपल्याला हे फार आधी शिकवायला हवे होते. 29 सप्टेंबर 2006 ला भंडारा जिल्ह्यात भोतमांगे कुटुंबातील चार जणांची हत्या झाली. सुरुवातीच्या काही बातम्यांनी ती अनैतिक संबंधातून झाल्याचे छापले. जवळजवळ महिनाभर मोठ्या वाहिन्यांना तिथे जावेसे वाटले नाही. समाज रस्त्यावर उतरला तेव्हा तत्कालीन गृहमंत्र्यांना आंदोलनामागे नक्षलवादी दिसले. 30 नोव्हेंबरला, कानपूरमधील बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर, उल्हासनगरला डेक्कन क्वीनचे डबे जळाले आणि ती आग देशभर दिसली. मुंबई-पुण्यातल्या मध्यमवर्गाला 2006 बद्दल विचारा, आधी डेक्कन क्वीन आठवेल. खैरलांजी आठवली तर ‘ते प्रकरण’ म्हणून. सुरेखाताईंनी एका मारहाणीच्या गुन्ह्यात साक्ष दिली होती, जमिनीचा वाद होता, हा ‘का’ किती जणांना सांगता येईल? न्यायालयानेही सप्टेंबर 2008 मध्ये आठ जणांना दोषी धरताना अॅट्रॉसिटी कायदा लागू केला नाही. तिथेही जात गळली.

आणि याच्या उलट काय करायचे असते, तेही आपल्याच घरात आहे. महाडला 20 मार्च 1927 ला चवदार तळ्याचे पाणी घेतले गेले आणि त्याच दिवशी आपल्या लोकांवर हल्ला झाला. पुढे दोन आठवड्यांत, 3 एप्रिलला, ‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक निघाला. बाबासाहेबांनी नुसत्या डोकी फुटल्याच्या हकिकती छापल्या नाहीत. तळे कुणाचे, ठराव कोणता, अफवा कुणी उठवली, जबाबदारी कुणाची, हे अंकामागून अंक लावून धरले. मारहाण ही बातमी होतीच, पण तिच्यानंतर बोलणारा आवाज आपला होता. म्हणून शंभर वर्षांनी महाड म्हटले की आपल्याला फुटलेली डोकी आठवत नाहीत, पाणी आठवते.

चंद्रपूरचे उदाहरण तर आणखी जवळचे. नागपूरनंतर दोनच दिवसांनी, 16 ऑक्टोबर 1956 ला, बाबासाहेबांनी चंद्रपुरात दीक्षा दिली. तेव्हा देशात दूरदर्शन नव्हते. ते दिल्लीत 1959 मध्ये आले आणि मुंबईत 1972 मध्ये. तरी चंद्रपूरच्या वस्त्यांतल्या नातवंडांना आजीने तो दिवस सांगितलेला असतो, आणि ती नुसती गर्दी सांगत नाही, धर्म का सोडला तेही सांगते. दरवर्षी दीक्षाभूमीवर माणसे जमतात, प्रतिज्ञा म्हणतात. बावीस प्रतिज्ञा म्हणजे तरी दुसरे काय? ‘का’ पाठ करून घेण्याची व्यवस्था.

आता आपल्या स्वतःच्या चॅनलांबद्दल बोलायला हवे, आणि हे काही मित्रांना आवडणार नाही. प्रत्येक तालुक्यात आज आपली दोन-चार यूट्यूब चॅनल आहेत. पोरे पदरचे पैसे घालून, धमक्या सोसून काम करतात, त्यांना सलाम. पण पडदा पाहिला तर तोच लाल रंग, तोच बाण, ‘पाहा धक्कादायक व्हिडिओ’, मागे रडके संगीत, आणि मारहाणीचे दृश्य पाच वेळा फिरवलेले. आपण प्रस्थापितांचा कॅमेरा नाकारला आणि त्यांचे व्याकरण उचलले. त्या व्याकरणात आपल्या माणसाला एकच भूमिका आहे, मार खाणाऱ्याची. तेच दृश्य हजार वेळा पाहिलेल्या आपल्या पोरांच्या मनात संताप साठतो, पण ठाण्यात जाऊन कोणते कलम लावायला सांगायचे हे साठत नाही.

करायचे ते फार अवघड नाही. दृश्य दाखवायचेच असेल तर एकदा दाखवा, आणि त्याच्यानंतर पीडिताला बोलू द्या. पोलीस अधिकाऱ्याचे म्हणणे घ्या, जरूर घ्या, पण दृश्याच्या आधी घ्या. वादाचे मूळ, म्हणजे सातबारा, वनहक्काचा दावा, आधी दिलेली तक्रार, शेवटी पुन्हा एकदा वेगळ्या शब्दांत सांगा. कंटाळवाणे होईल अशी भीती वाटते ना? स्वीडनमधला तो प्रयोग आठवा. पट्टी बंद ठेवा. संगीत बंद ठेवा, रडायचे की चिडायचे ते बघणाऱ्याला ठरवू द्या. ‘जादूटोण्याच्या संशयावरून मारहाण’ असे न लिहिता ‘दलित कुटुंबांना चौकात बांधून मारहाण’ असे लिहा. आणि तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, आरोपपत्राच्या दिवशी, निकालाच्या दिवशी तीच बातमी पुन्हा करा, ‘का’सकट. मोठ्या वाहिन्या परत येत नाहीत. त्यांचा प्रतिनिधी मुंबईहून येतो आणि जातो, तुम्ही तिथेच राहता. तुमची ही एकच गोष्ट त्यांच्यापेक्षा मोठी आहे.

राहिले जुने चित्रण. तोडगट्ट्याच्या आठ महिन्यांतले कितीतरी व्हिडिओ आज पोरांच्या मोबाईलमध्ये पडून असतील: ग्रामसभेची भाषणे, बायांची गाणी, ठराव वाचतानाचे आवाज. फोन बिघडला की ते गेले. ज्यांच्याकडे असतील त्यांनी या महिन्यात ते एका ठिकाणी गोळा करावेत. फाईलला ‘व्हिडिओ 1’ असे नाव न देता गाव, तारीख, बोलणाऱ्याची संमती असेल तर त्याचे नाव, आणि तो कशाच्या विरोधात बोलतो आहे हे एका ओळीत लिहून ठेवावे.